आडवा हात

मराठीत ‘आडवा हात’ दोन प्रकारचा असतो. पंगतीत वाढपी जिलबीचं ताट घेऊन पुढ्यात उभा राहिला की आपण पानावर हात आडवा धरतो, तो पहिला. आणि समोरच्या ओळीतले एखादे धुरंधर त्याच जिलबीवर जो मारतात, तो दुसरा. पहिल्याचा अर्थ ‘नको’, दुसऱ्याचा अर्थ ‘सोडतो की काय!’ शब्द तेच, हातही तोच. फरक इतकाच की एकात माणूस पान राखतो आणि दुसऱ्यात पातेलं रिकामं करतो.

गेली काही वर्षं जगातले बडे संगणकवाले आपल्याला पहिला आडवा हात धरायला सांगताहेत आणि स्वतः दुसरा मारताहेत. या प्रकाराला त्यांनी ‘ऑप्ट आउट’ असं नाव ठेवलं आहे. याचा साधा मराठी अर्थ असा की, ‘तुमचं आम्ही घेणार आहोत. नको असेल तर तसं कळवा. कळवलं नाहीत तर तुम्ही आनंदाने दिलंत असं समजू.’ पंगतीतला आग्रह परवडला म्हणायचा. तिथे वाढपी निदान समोर येऊन उभा राहतो आणि पानात काहीतरी टाकतो. इथे वाढपी मागच्या दाराने येतो, पानातलं उचलून नेतो, आणि वर विचारतो, ‘मग हात का नाही आडवा धरलात?’

आता मी पडलो बँकेतला कारकून. गेली वीसेक वर्षं शहाद्याच्या एका शाखेत काउंटरच्या अलीकडे बसून लोकांच्या सह्या जुळवणं हा माझा धंदा. मला संगणकाच्या या भानगडीत नाक खुपसायचं कारण काय, असं कुणी विचारील. कारण आहे. कारणाचं नाव भाचा.

आमचा भाचा पुण्यात प्रोग्रॅमर आहे. दिवसभर कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहितो आणि रात्री विरंगुळा म्हणून पुन्हा प्रोग्रॅमच लिहितो. दिवसभर नोटा मोजून रात्री घरी करमणुकीसाठी नोटा मोजायला मी एका पायावर तयार आहे, पण घरी तेवढ्या नोटा नसतात. तर या मुलाने एका रात्रीच्या विरंगुळ्यात एक फार उपयोगी वस्तू केली. जुन्या मराठी फाँटात टाइप केलेली पत्रं नव्या संगणकावर उघडली की सगळी अक्षरं एकमेकांच्या अंगावर कोसळल्यासारखी दिसतात, हा अनुभव प्रत्येक कचेरीला आहे. याचा प्रोग्रॅम ती अक्षरं उचलून युनिकोडच्या ओळीत नीट बसवतो. त्यातली खरी मेख म्हणजे ऱ्हस्व वेलांटी. ती काढायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची अक्षराच्या नंतर. जुन्या फाँटात तिची नोंद अक्षराच्या पुढे, युनिकोडात अक्षराच्या मागे. ही अदलाबदल करणाऱ्या तुकड्याला आमच्या भाच्याने नाव दिलं, ‘मामी’.

“मामा, मामी कशा, दिसायला तुमच्या पुढे आणि कागदोपत्री तुमच्या मागे,” त्याने खुलासा केला.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली मोठी बाई कुटुंबप्रमुख झाल्यापासून कागदोपत्रीही तसं राहिलेलं नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. पोराचा उत्साह कशाला मोडा!

हा प्रोग्रॅम त्याने फुकट सगळ्या जगाला दिला. असले प्रोग्रॅम मांडून ठेवण्याची मोठमोठी संकेतस्थळं असतात, त्यातल्या एकावर ठेवला. कोणत्या ते सांगत नाही, भांडण मला नियमाशी करायचं आहे. सोबत एक परवाना जोडला. परवान्यात अट एकच: वापरा, बदला, विका, काय वाटेल ते करा, पण माझं नाव आणि हा परवाना त्याच्याबरोबर राहू द्या. देवळाच्या पायरीवर ‘अमुक यांच्या स्मरणार्थ’ अशी फरशी बसवलेली असते ना, तसंच. लोक त्या नावावर पाय देऊन वर जातात, चपला काढतात, कुणाची काही हरकत नसते. फरशी मात्र कुणी उपटून नेत नाही.

एके दिवशी त्याने एका यांत्रिक मदतनीसाला सहज विचारलं, ‘बाबा रे, जुन्या फाँटातली वेलांटी कशी फिरवायची?’ मदतनीसाने क्षणात तुकडा लिहून दिला. तुकडा छान होता. भाच्याचं नाव नव्हतं, परवाना नव्हता. फक्त वरच्या ओळीत ‘मामी’ होती.

मी हे घरी सांगितलं, तर ही म्हणाली, “अहो, म्हणजे मला न विचारता मी जगभर फिरतेय?” गेली अनेक वर्षं मी हिला महाबळेश्वरच्या पुढे नेलेलं नाही, हा मुद्दा तिने त्याच वाक्याला जोडून घेतला.

म्हणून मे महिन्यात भाचा आला तेव्हा आम्ही सगळे तोरणमाळला गेलो. शहाद्याहून म्हसावदमार्गे पन्नास-पंचावन्न किलोमीटर. सात पायरीच्या घाटात गाडी वळणं घ्यायला लागली की पोटातला नाश्ताही ऑप्ट आउटचा विचार करू लागतो. वर समुद्रसपाटीपासून साधारण ११५० मीटरवर सातपुड्याचं पठार, मधोमध यशवंत तलाव, एका अंगाला सीताखाईची दरी. महाबळेश्वरशी तुलना आम्ही खानदेशी लोक मुद्दाम करत नाही. इथे महाबळेश्वराएवढी स्ट्रॉबेरी नाही आणि गर्दीही नाही, आणि दुसऱ्या गोष्टीसाठी पहिली सोडायला मी केव्हाही तयार आहे.

तोरणमाळचा आणखी एक गुण असा की आमच्या फोनला तिथे रेंज येते तेव्हा येते. आली तर देवाची कृपा, गेली तर हवेची. दोन दिवस भाच्याचा फोन निपचित पडून होता. तिसऱ्या दिवशी खडकी पॉइंटकडे जाताना एका उंचवट्यावर तो अचानक किणकिणला आणि साचलेली पत्रं धडाधड आत आली. त्यातलं एक त्या संकेतस्थळाचं होतं. मजकूर असा की, अमुक तारखेपासून तुमचं लिखाण आणि तुमची आमच्या मदतनीसाशी झालेली बोलणी आमचं यंत्र शिकवण्यासाठी वापरली जातील. नको असल्यास सेटिंगमध्ये जाऊन तसं करा. न केल्यास संमती समजू. ती ‘अमुक तारीख’ कालची होती.

मी कपाळाला हात लावला. भाचा मात्र शांत होता. ही पिढी असल्या पत्रांना सरावली आहे. पण माझ्यातला कारकून जागा झाला. तोरणमाळला गप्प बसलेला माणूस संमती देत नसतो हो, त्याला रेंज नसते! आणि थोडा विचार केला तर जगातल्या बहुतेक गप्प बसलेल्या माणसांचं हेच आहे. कुणाला पत्र मिळत नाही, कुणाला मिळतं पण इंग्रजी कळत नाही, कुणाला कळतं पण ते सेटिंग कुठल्या खणात आहे ते सापडत नाही. कुणी आजारी असतो. कुणी तर वारलेला असतो. या सगळ्यांच्या मौनाची मोळी बांधून तिला ‘संमती’ असं लेबल लावायचं, याला आमच्या बँकेत वेगळा शब्द आहे. तो शब्द उच्चारला की तपासणी अधिकारी येतात.

बँकेचंच घ्या. एखादा ठेवीदार दहा वर्षं बँकेकडे फिरकला नाही, पत्राला उत्तर दिलं नाही, तर त्याची ठेव बँकेची होते का? मुळीच नाही. ती रिझर्व्ह बँकेच्या २०१४ साली सुरू झालेल्या ठेवीदारांच्या निधीत जमा होते, आणि अकराव्या वर्षी तो किंवा त्याचा वारस कागदपत्रं घेऊन उगवला तर त्याची त्याला परत मिळते. दहा वर्षांचं मौनसुद्धा ‘हो’ ठरत नाही. आणि इथे तीस दिवसांत ठरतं!

याची सुरुवात कशी झाली ते भाच्याने यशवंत तलावाच्या काठावर बसून मला समजावलं. ‘गिटहब’ नावाचं या धंद्यातलं सगळ्यांत मोठं कोठार २००८ साली निघालं. जगभरचे हौशी आणि व्यावसायिक प्रोग्रॅमर आपापलं लिखाण तिथे नेऊन ठेवू लागले. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने ते साडेसात अब्ज डॉलरला विकत घेतलं. साडेसात अब्ज डॉलर कशाचे? रिकाम्या फडताळांचे कुणी एवढे देत नाही. जून २०२१ मध्ये त्यांनी ‘कोपायलट’ नावाचा मदतनीस दाखवला. कोठारात उघड्यावर मांडलेलं लिखाण वाचून तो तयार झाला होता. जून २०२२ पासून तो महिना १० डॉलरने विकायला निघाला. ज्यांचं लिखाण वाचून तो शहाणा झाला, त्यांना आधी विचारल्याचं कुणाला आठवत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत काही प्रोग्रॅमर कोर्टात गेले. बरीचशी कलमं खालच्या कोर्टाने फेटाळली. नाव आणि परवाना काढून टाकण्याचा मुद्दा वरच्या कोर्टापर्यंत गेला.

“पण मामा, नको असेल तर दारावर पाटी लावता येते की,” भाचा म्हणाला. त्याचा बचावाचा सूर पाहून मला बरं वाटलं. घरात एक माणूस समतोल असावा.

ही पाटी म्हणजे ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ नावाची फाइल. १९९४ साली एका डच माणसाने सुचवली. संकेतस्थळाच्या दारात ही फाइल ठेवायची, आणि येणाऱ्या यंत्राने ती वाचून कुठे जायचं, कुठे नाही ते समजून घ्यायचं. कुत्र्याच्या पाटीसारखंच, फक्त कुत्रा नाही. २०२२ साली या पाटीचं रीतसर मानक झालं, तेव्हा त्यातच लिहून टाकलं की ही काही प्रवेशबंदी नव्हे, विनंती आहे. म्हणजे चोरावर सोडलेली सज्जनता.

तेही एक वेळ ठीक. पण ही पाटी फक्त इमारतीच्या मुख्य दारावर लावली तरच ग्राह्य धरतात. आणि कोठाराची इमारत कोठारवाल्याची! आमचा भाचा तिथे तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीतला भाडेकरू. त्याने स्वतःच्या खोलीवर पाटी लावली तर येणारं यंत्र ती पाटी मानत नाही, ती पाटीसुद्धा सामान समजून उचलून नेतं. बरं, त्याने मूळ प्रत आवरून घेतली, तर परवान्याप्रमाणे लोकांनी करून घेतलेल्या प्रती दहा जागी पडलेल्या. त्यांच्या दारावर पाटी कोण लावणार? आणि जे एकदा यंत्राच्या पोटात जाऊन पचलं, ते कसं काढणार? जिलबी खाऊन झाल्यावर पानावर हात आडवा धरण्यासारखंच ते.

काही लोक त्यातल्या त्यात सभ्य निघाले. ‘बिगकोड’ नावाच्या प्रकल्पाने २०२२ साली प्रोग्रॅमांचा एक भलामोठा साठा जमवला. मोकळ्या परवान्याचंच लिखाण घेतलं, आणि ‘मी यात आहे का?’ हे पाहायची सोय केली. आपलं नाव दिसलं तर काढायला सांगा, पुढच्या आवृत्तीतून काढू. एवढी सभ्यता या धंद्यात दुर्मीळ आहे, म्हणून नाव घेऊन सांगतो. पण काढायला सांगायचं कुठे? तर गिटहबवरच तक्रार नोंदवून! पोलीस चौकी सासऱ्याच्या वाड्यात असावी आणि हुंड्याची फिर्याद तिथेच द्यायची असावी, तसं काहीसं हे झालं.

आमच्याबरोबर आलेले शाखेतले एक मित्र आतापर्यंत भाजलेले शेंगदाणे खात होते. ते म्हणाले, “अहो पण त्याने उघड्यावरच ठेवलं होतं ना? हा तलाव बघा, सार्वजनिक. कुणीही पाणी घ्यावं. मग टँकरवाल्याने नेलं तर ओरड कशाला?”

हा प्रश्न वरवर बिनतोड दिसतो. म्हणून सावकाश उत्तर देतो. सार्वजनिक म्हणजे बेवारशी नव्हे. तलावावर येऊन घागर भरायला कुणी हरकत घेत नाही, पण टँकर लावून पाणी उपसायचं आणि ते बाटलीत भरून त्याच गावाला विकायचं, यासाठी गावाला विचारावं लागतं. आणि आमच्या भाच्याने तर घागरीलासुद्धा अट घातली होती, फार नव्हे, नावाची. फुकट देणाऱ्याच्याही अटी असतात. उलट फुकट देणाऱ्याची अट जास्त पाळावी, कारण त्याने दुसरं काही मागितलेलंच नसतं.

“आणि विद्यार्थी नाही का वाचून शिकत?” मित्रांनी दुसरा शेंगदाणा टाकला.

शिकतो. एकलव्यही पुतळ्याकडून शिकला. पण त्या गोष्टीत अंगठा विद्यार्थ्याने दिला. इथे विद्यार्थी शिकून गेला आणि आता जगभरच्या गुरुजींचे अंगठे मोजतोय, की यांतले किती नोकरीवरून काढता येतील. भिल्लांच्या मुलखात बसून ही गोष्ट कुणी उलटी सांगू नये.

या धंद्याला ते ‘टेक्स्ट अँड डेटा मायनिंग’ म्हणतात. मायनिंग म्हणजे खाणकाम. शब्द त्यांचाच, मी लादलेला नाही. आता खाणकामाचं सांगतो. तोरणमाळ ज्या अक्राणी तालुक्यात आहे तो सगळा अनुसूचित क्षेत्रात येतो. इथे मुरूम-दगड यांच्या खाणीचा परवाना द्यायचा असेल तर १९९६ च्या ‘पेसा’ कायद्याप्रमाणे ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस आधी लागते. आधी, बरं का! मुरूम उचलल्यावर ‘नको असल्यास तीस दिवसांत कळवा’ असं नाही. म्हणजे या देशात टोपलीभर मुरमाला जी इज्जत आहे, ती माणसाच्या डोक्यातून निघालेल्या वस्तूला नाही. प्रत्यक्षात तो कायदा किती पाळला जातो हा निराळा विषय आहे, पण निदान कायदा लिहिणाऱ्याला ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांतला फरक ठाऊक होता.

तो फरक तोरणमाळच्या एका म्हाताऱ्यालाही ठाऊक होता. हिचा गुडघा घाटात धरला होता. चहाच्या टपरीवर कुणीतरी सांगितलं, पलीकडच्या झोपडीतले बाबा मुळी देतात. गेलो. मी सवयीप्रमाणे मुळीचं नाव, गुण, प्रमाण असं विचारायला लागलो. पावरा म्हातारा माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “दुखतंय कोणाला?” हिला समोर बसवलं, गुडघा पाहिला, मग उठून मुळी आणली, कशी उगाळायची ते सांगितलं. पैसे जे दिले ते घेतले. ज्ञान उघडंच होतं, कुणालाही मिळालं असतं. पण आधी त्याला माणूस समोर लागत होता. दुखतंय कोणाला आणि नेतंय कोण, एवढं कळल्याशिवाय त्याने एक शब्द सांगितला नाही. यात मला लाख रुपयांचा कायदा दिसला.

आणि मुळ्यांच्या बाबतीत न विचारता नेलं की काय होतं हे आपण एकदा पाहिलेलं आहे. हळद जखमेवर लावतात ही बातमी आपल्याकडे कुठल्याही आजीला विचारून मिळते. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला तिचं पेटंट मिळालं! डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. त्या संस्थेने जुनी पुस्तकं, जुने ग्रंथ पुरावा म्हणून मांडले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द करून घेतलं. पुढे सरकारने या पारंपरिक ज्ञानाचा मोठा संगणकीय साठा केला. आणि तो सगळ्यांना उघडा ठेवला काय? नाही! आधी परदेशी पेटंट कचेऱ्यांशी गुप्ततेचे करार केले आणि मगच किल्ली दिली. अगदी बरोबर केलं. म्हणजे सरकारला हे कळतं. हळद कपाटात ठेवायची असते हे कळतं. मग वेलांटीने काय घोडं मारलंय?

घोड्यावरून आठवलं. बी.कॉम.ला आम्हाला करार-कायदा होता. पोटापाण्याला त्यातलं फारसं काही लागलं नाही, पण एक खटला डोक्यात बसला आहे. १८६२ सालचा, फेल्टहाउस विरुद्ध बिंडली. त्यातही काका-पुतण्या होते म्हणून कदाचित जास्त जवळचा वाटतो. काकाला पुतण्याचा घोडा घ्यायचा होता. किमतीवर थोडी ओढाताण झाली, तेव्हा काकाने पत्र लिहिलं की तुझ्याकडून पुढे काही कळलं नाही तर घोडा ३० पौंड १५ शिलिंगांना माझा झाला असं मी धरून चालेन. पुतण्याने उत्तर लिहिलं नाही. पुढे लिलाववाल्याने चुकून तो घोडा दुसऱ्यालाच विकला आणि काका कोर्टात गेला. कोर्ट म्हणालं, काका, घोडा तुमचा झालाच नव्हता. गप्प राहिला तर सौदा झाला, अशी अट दुसऱ्यावर लादायचा अधिकार तुम्हाला दिला कुणी? आणि गंमत अशी की पुतण्याच्या मनात घोडा काकालाच द्यायचा होता! तरीही नाही. मनातलं ‘हो’सुद्धा चाललं नाही, तिथे नुसतं मौन काय चालणार?

आमच्या शहादे तालुक्यात सारंगखेड्याला तापीच्या काठी दत्तजयंतीपासून घोड्यांचा मोठा बाजार भरतो. लांबलांबून घोडे येतात. तिथे जाऊन एखाद्याने दावणीला चिठ्ठी अडकवावी की ‘संध्याकाळपर्यंत मालक काही बोलला नाही तर घोडा माझा’, आणि संध्याकाळी लगाम धरून चालू लागावं. काय होईल? ते मी लिहीत नाही. हे पुस्तक घरातली मुलंही वाचतात.

थोडक्यात, जी गोष्ट इंग्रजांच्या कोर्टाला १८६२ मध्ये कळली आणि जी सारंगखेड्याच्या घोडेवाल्याला कोर्टाशिवाय कळते, ती संगणकाच्या बाजारात आल्याबरोबर उलटी होते. युरोपने तर २०१९ च्या निर्देशात हीच उलटी रीत छापून ठेवली. संशोधन संस्थांनी खाणकाम करावं, मालकाला नाही म्हणायची सोय नाही. बाकीच्यांनीही करावं, मालकाने आधी ‘नाही’ म्हणून राखून ठेवलं नसेल तर. आणि ते ‘नाही’ यंत्राला वाचता येईल असं म्हणायचं! माणसाला कळणारं ‘नाही’ पुरेनासं झालं. आता यंत्राच्या बोलीत ‘नाही’ म्हणायला शिका.

आमच्या जिल्ह्याला या ‘न विचारता हो’चा अनुभव जुना आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधारकार्ड आमच्या शहादे तालुक्यातल्या टेंभलीला दिलं गेलं. तेव्हा ते ऐच्छिक होतं. मग ऐच्छिकतेची अशी काही लाट आली की त्याच्यावाचून माझ्या काउंटरवर पान हलेना. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने बँकांना सांगितलं की खात्याला त्याची सक्ती करू नका. २०१९ च्या दुरुस्तीने तर लहानपणी ज्यांचं आधार काढलं अशा मुलांना अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत ते रद्द करून मागायची मुभा दिली. ऑप्ट आउटच हे! आमच्या ओळखीपाळखीत दरवर्षी किती तरी मुलं अठराची होतात. त्या सहा महिन्यांत ती बारावीचे पेपर, प्रवेशाचे फॉर्म आणि मिशा यांत गुंतलेली असतात. या सोयीचा अर्ज घेऊन निघालेला एकही वीर मला अद्याप भेटलेला नाही.

दुसरा अनुभव पीकविम्याचा. पीककर्ज घेतलेल्या शेतकऱ्याला हा विमा आधी सक्तीचा होता. २०२० च्या खरिपापासून ऐच्छिक झाला. कसा ऐच्छिक? नको असेल तर अखेरच्या तारखेच्या किमान सात दिवस आधी बँकेत लेखी द्यायचं. नाही दिलं तर हप्ता कापला जाणार. काउंटरवर एकदा एक शेतकरी पासबुक उघडून उभा राहिला.

“भाऊसाहेब, हे पैसे कशाचे कापले?”

“विम्याचे. तुम्ही नको म्हणून लिहून दिलं नाहीत.”

“मी तं हो बी नाही म्हटलं.”

मी बी.कॉम. आहे. बँकेच्या दोन परीक्षा दिल्या आहेत. त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. विमा चांगला की वाईट हा प्रश्नच नाही. चांगलाही असेल. पण ‘मी तं हो बी नाही म्हटलं’ या सहा शब्दांत त्याने करार-कायद्याचं १३ वं कलम मला शिकवलं. १८७२ सालचं ते कलम म्हणतं की संमती म्हणजे दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता देणं. दोघांनी. एकाने घेणं आणि दुसऱ्याने गावी असणं, असं त्यात नाही.

आता आपल्या सरकारचा विचार चाललेला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग आणि अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाने चर्चेसाठी एक निबंध काढला. त्यातली सूचना अशी की यंत्र शिकवणाऱ्यांना सगळं लिखाण वापरण्याचा सरसकट परवाना द्यावा, त्यांनी कमाईतून मानधन भरावं आणि एका मध्यवर्ती संस्थेने ते लेखकांना वाटावं. लेखकाला ‘नको’ म्हणण्याची सोय नाही. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या नॅसकॉमला हे मान्य नाही. त्यांचं म्हणणं, खाणकाम मोकळं ठेवा, ज्याला नको असेल त्याने कळवावं. म्हणजे एकीकडे पैसे मिळतील पण ‘नाही’ मिळणार नाही. दुसरीकडे ‘नाही’ मिळेल पण ते स्वतः हुडकून काढायचं. सरकारच्या निबंधात मानधनाचा विषय तरी निघाला, त्याबद्दल मी आभारी आहे. मानधन हा शब्द ऐकला की लिहिणाऱ्या कारकुनाचे डोळे पाणावतात. पण आमच्या भाच्याने पैसे मागितलेच नव्हते. त्याने नाव मागितलं होतं. त्याच्या हातावर दोन रुपये ठेवून नाव पुसून टाकलं, तर त्याला आपण न्याय म्हणायचं की सुट्टे?

माझी मागणी फार मोठी नाही. ‘हो’ म्हणण्याची खिडकी उघडा. ज्याला द्यायचं असेल तो रांगेत येईल. पुष्कळ येतील, कारण फुकट देणारे लोक या जगात कंपन्यांना वाटतात त्याहून जास्त आहेत. ते नसते तर कोठारात चोरायला काही नसतंच. ज्याने नावाची अट घातली त्याचं नाव ठेवा. यंत्राला लक्षावधी ओळी लक्षात राहतात, तर एक नाव जड होऊ नये. आमची ‘मामी’ बरी लक्षात राहिली! आणि जो काहीच बोलला नाही, त्याचं उत्तर ‘नाही’ आहे असं धरून चाला. त्याने काम अडेल, प्रगती थांबेल, चीन पुढे जाईल, अशी भीती घालतात. बँकेतही रोज काम अडतं. सही जुळत नाही म्हणून दिवसाकाठी चार माणसं माझ्यावर चिडून जातात. पण त्या अडण्यावरच बाकीची माणसं रात्री निर्धास्त झोपतात. माझ्या खात्यातून पैसे काढायला कुणी आला आणि म्हणाला, ‘मालकाने नको म्हणून कळवलेलं नाही,’ तर समोरच्या कारकुनाने काय करावं अशी तुमची अपेक्षा आहे?

तेच करा. कंपनी केवढीही असो, साडेसात अब्जांची असो, स्लिप घेऊन काउंटरवर आली की चष्मा वर करून एकदा बघा आणि आमचं रोजचं वाक्य ऐकवा: “साहेब, मालकाची सही राहिलीय. घेऊन या.”